फळ्यावर चुकलेलं गाव

"मग ती चूक तुम्ही मुद्दाम केली होती का, सर?"

मगदूम सर ओसरीवर शेंगा फोडत बसले होते. त्यांनी हातातली शेंग फोडली, दाणे तोंडात टाकले, टरफल सुपाशेजारी टाकलं.

"कुठली?" ते म्हणाले. "मी पुष्कळ केल्यात."

विचारणारा काही साधासुधा इसम नव्हता. डॉक्टर सुरगोंडा चौगुले. गोळ्या देणारा डॉक्टर नव्हे, नद्यांवर पुस्तक लिहून झालेला. पडसं घेऊन त्याच्याकडे गेलात, तर ते कुठून उगम पावतं आणि कुठं जाऊन मिळतं एवढं सांगेल. थांबवायचं तुमचं तुम्ही बघायचं.

मगदूम सर काल, शनिवारी, निवृत्त झाले. त्यांच्या जागेवर भूगोल शिकवायला संस्थेनं पुण्याहून ह्याला आणला. आणला म्हणजे परत आणला. शिकला तो इथंच. उद्या सोमवारी पहिला तास.

कॉलेज तसं एवढंसं. जिल्ह्याच्या पार दक्षिण टोकाला. मैदानावर कुणी उंच फटका मारला तर चेंडू कर्नाटकात पडतो आणि आणायला गेलेला पोरगा कानडी बोलत परत येतो, असं तिथं म्हणतात. प्राध्यापक मोजकेच, त्यातले निम्मे कोल्हापूरच्या गाडीकडं डोळे लावून बसलेले. मगदूम सर तेवढे भिंतीतल्या खुंटीसारखे राहिले, आणि भोवतालच्या गावांतली पोरं वर्षानुवर्षं त्या खुंटीला टोप्या अडकवून पुढं गेली.

"चिंचणगीची चूक," सुरगोंडा म्हणाला.

आता ही चूक ऐकली नाही असा माणूस सुरगोंडाच्या ओळखीत नव्हता. पहिल्या वर्षाला असताना एकदा सरांनी कागद न बघता फळ्यावर अख्खा तालुका काढला. नदी काढली, नदीच्या काठांवर गावं मांडली. आणि सुरगोंडाचं गाव, चिंचणगी, नदीच्या अलीकडच्या काठाला टाकलं. गाव पलीकडे. पावसाळ्यात नदी चढली की सुरगोंडाची शाळा बुडायची ती त्यामुळंच. त्याला नाही कळणार तर कुणाला?

तोवर हे पोरगं वर्गात मान वर करून बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं. हजेरीला "हजर" म्हणायचं तेसुद्धा शेजाऱ्याकडून म्हणवून घ्यायचं.

तास संपल्याची घंटा झाली. पोरं उठली. सुरगोंडाही उठला, दारापर्यंत गेला, उंबऱ्यावर घुटमळला, आणि परत फळ्यापाशी आला. म्हणाला, सर, आमचं गाव तिकडं नाही.

सरांनी फळ्याकडं पाहिलं. त्याच्याकडं पाहिलं.

"मग खडू घे," ते म्हणाले.

सुरगोंडानं खडू घेतला, गाव पुसलं आणि नदीपलीकडं नेऊन ठेवलं. तिथून जो निघाला तो डॉक्टर होऊनच थांबला.

नोकरीच्या मुलाखतीत त्यानं ही गोष्ट सांगितली. पुस्तकाच्या प्रस्तावनेत लिहिली. मुलगी बघायला गेला तेव्हा पोह्यांची बशी हातात धरून सांगितली. मुलीनं होकार दिला, गोष्टीमुळं की गोष्ट थांबावी म्हणून, हे तिनं अजून उघड केलेलं नाही. सांगताना दाराचा भाग मात्र तो गाळायचा. गोष्टीतला सुरगोंडा बाकावरून ताडकन उठायचा. एवढी सूट ज्याची गोष्ट त्याला असतेच.

आणि काल निरोप समारंभात घोटाळा झाला.

भाषणांत सुरगोंडाचा नंबर शेवटचा. आधी दूध संघाचा मॅनेजर उठला. म्हणाला, आज एक गुपित सांगतो, मी एकदा सरांची चूक पकडली होती. सरांनी आमच्या गावचा डोंगर गावाच्या उगवतीला काढला, मी म्हटलं मावळतीला पाहिजे. सर म्हणाले, मग खडू घे.

लोक हसले. सुरगोंडाही हसला, थोडा कमी.

मग एक सरपंचबाई उठल्या. त्यांच्या गावचं तळं सरांनी गावाबाहेर नेलं होतं. त्यांनी आत आणलं. मग एसटीचा एक कंडक्टर. त्याच्या गावचा घाट सरांनी भलत्याच गावाला देऊन टाकला होता, तो त्यानं भांडून परत घेतला. ज्यानं त्यानं आपापलं गुपित वर्षानुवर्षं जपून ठेवलेलं, आणि प्रत्येकाला वाटलेलं की अख्ख्या कॉलेजात आपणच एक वाघ.

कंडक्टरपर्यंत हॉल गडगडून हसत होता. त्यानंतर हळूहळू शांत झाला... लोक एकमेकांकडं बघायला लागले. सर व्यासपीठावर बसून सत्काराच्या नारळाची शेंडी विंचरत होते.

सुरगोंडाचं नाव पुकारलं. त्यानं खिशातलं भाषण खिशातच ठेवलं, नारळाबद्दल सर्वांचे आभार मानले आणि खाली बसला. नारळ त्याला नव्हता.

हे सगळं त्यानं आता ओसरीवर सरांना सांगितलं, जणू सर तिथं नव्हतेच. ज्याची त्याची चूक ज्याच्या त्याच्या गावाची होती, म्हणाला. हा योगायोग नव्हे. तुम्ही पोरगं कुठल्या गावचं ते आधी बघायचात आणि मग ते गाव चुकवायचात.

सरांनी सूप त्याच्याकडं सरकवलं. "शेंगा घे. ओल्या आहेत."

"म्हणजे मी काही पकडलंच नाही. मला गळ लावला आणि मी लागलो. मासा झालो, मासा."

"मासा बरा," सर म्हणाले. "बोलत नाही."

सुरगोंडाला हसू आलं नाही. तो म्हणाला की पुण्याच्या कॉलेजनं त्याची जागा उद्यापर्यंत राखून ठेवली आहे. आज संध्याकाळी संस्थेला नकार कळवून तो परत जाणार. तुमच्या फळ्यासमोर उभं राहायला माणसाकडं स्वतःचं काहीतरी पाहिजे, सर. माझ्याकडं तेवढं एकच होतं.

...

सर शेंगा फोडत राहिले.

तेवढ्यात काकू चहा घेऊन आल्या. काकूंना नावं लक्षात राहत नाहीत. बाकीचं नको तेवढं राहतं.

"कुणाचा रं तू?" त्यांनी विचारलं.

त्यानं गाव सांगितलं, वडिलांचं नाव सांगितलं. काकू खांबाला टेकून उभ्याच राहिल्या. म्हणाल्या, चिंचणगीतनंच तर मी ह्या घरात आले. मामानं लग्न लावून दिलं होतं. मामा गेला, घर विकलं, आता तिथं कोण ओळखतंय. मग त्यांनी लग्नाची हकीकत लावली. ज्येष्ठातली शेवटची तिथ, नदी आधीच चढलेली, नाव वाहून गेलेली. शेवटी वऱ्हाडी मंडळींनी गुऱ्हाळातली गूळ कढवायची काईल पाण्यात सोडली आणि तीत नवऱ्या मुलाला बसवून पलीकडं आणला.

"मधल्या धारेला काईल गरागरा फिराय लागली," काकू म्हणाल्या. "हे बाशिंग धरायचं सोडून काईलीचा कान धरून बसलेलं. काठाला लागल्यावर आठ माणसांनी वढून काढलं. मी म्हटलं, आता ह्यो नवरा का गूळ."

सर चहात तोंड घालून बसले होते. काकू हसत हसत आत गेल्या.

सुरगोंडाच्या मनात ह्यातलं काही गेलं नाही. आपलं दुःख मोठं असलं की दुसऱ्याचं लग्न कानात शिरत नाही.

"सर, एवढंच सांगा," तो म्हणाला. "माझी चूकसुद्धा मुद्दामच ना?"

सरांनी कप खाली ठेवला. दाराकडं पाहिलं, रस्त्याकडं पाहिलं, आणि आवाज खाली आणला.

"कुणाला बोलू नकोस. बाकीच्यांच्या सगळ्या मुद्दाम. तुझी तेवढी खरी."

"खरी?"

"त्या गावाचा काठ मला खरंच ठाऊक नव्हता."

...

सुरगोंडाचा चेहरा असा उजळला की ओसरीवर दिवा लावायची गरज राहिली नसती. त्यानं गार झालेला चहा एका घोटात संपवला. सरांच्या पाया पडला. आत डोकावून काकूंच्या पाया पडायचं म्हणाला. त्यांचे हात पिठात होते, त्यांनी लांबूनच आशीर्वाद दिला. सरपंचबाई, मॅनेजर, कंडक्टर ह्या सगळ्यांची त्याला आता दया यायला लागली होती. बिचारे. उद्याच्या तासाला नदीपासूनच सुरुवात करायची, हेही त्यानं पायात चप्पल घालता घालता ठरवून टाकलं.

एका पायात चप्पल गेली.

दुसरी घाईत अर्धीच गेली, ती फाटकापाशी निसटली. ती घालायला वाकला आणि तसाच वाकलेला राहिला.

रस्त्यानं एक बाई शेळी घेऊन चालली होती. तिनं त्याच्याकडं पाहिलं, शेळीनंही पाहिलं. तो वाकलेलाच.

मग सरळ झाला. फाटकाच्या कडीवर हात ठेवला. कडी उघडली तर पुढं रस्ता होता, मोटरसायकल होती, आणि जन्मभर सांगायला तीच जुनी गोष्ट, आता सरांच्या तोंडची मोहर लागलेली. ह्याहून माणसाला जास्त काय पाहिजे?

कडीवरचा हात काही हलेना.

...

सर शेंगांकडं वळले होते. पावलं वाजली तरी त्यांनी मान वर केली नाही.

सुरगोंडा पायरीपाशी येऊन उभा राहिला. एका पायात चप्पल, दुसरी हातात.

"सर, तुम्ही आत्ता चुकीचं सांगितलंत."

"हं."

"काकू चिंचणगीच्या. तुम्ही काईलीत बसून नदी ओलांडून लग्नाला गेलात."

"हं."

"बुडता बुडता वाचलेला माणूस काठ विसरत नाही."

सरांनी हातातली शेंग खाली ठेवली. धोतराला हात पुसले. सदऱ्याच्या खिशात बोटं घालून त्यांनी खडूचा एक तुकडा काढला. निवृत्त होऊनही तो अजून खिशातच होता. तो त्यांनी सुरगोंडाच्या रिकाम्या हातावर ठेवला आणि त्याची मूठ मिटवली.

"तेव्हाही," ते म्हणाले, "तू दारापर्यंत जाऊन परत आला होतास."