बाभूळरावांच्या बिळातली सावली

त्या राज्यात प्रत्येक प्राण्याला एक सावली असे आणि प्रत्येक सावलीला एक मुलूख असे. मुलूख दोन होते, एक डोंगराचा आणि एक नदीचा. दोहोंच्या मधोमध एक उंच पांढरा कडा होता. ऊन कललं की साऱ्या सावल्या आपापल्या धन्याच्या पायांपासून सुटत आणि त्या कड्यावर खेळायला जात. धनी बिळाच्या तोंडाशी बसून नुसते पंजे हलवत, आणि तिकडे सावल्या धावत, उड्या मारत, एकमेकींना बाद करत. जिंकणाऱ्या सावलीच्या डोक्यावर एक तुरा उगवे. हा तुरा खाता येत नसे, विकता येत नसे, थंडीत पांघरता येत नसे. तरी त्याच्यासाठी भले भले प्राणी तहानभूक विसरत. आता याला काय म्हणावं! पण दोन्ही मुलखांत कोणालाच त्याचं नवल वाटत नसे, तर आपण तरी कशाला वाटून घ्यावं.

शेवरी ही डोंगरातल्या साळिंदरांची मुलगी. तिच्या सावलीच्या डोक्यावर तुऱ्यांचा असा झुपका होता की लांबून झुडूपच चाललंय असं वाटावं. लहानपणापासून बहिणींबरोबर खेळून तिने तो मिळवला होता. पुढे नदीकाठच्या हिवर नावाच्या साळिंदराशी तिचं लग्न झालं आणि ती सासरी आली. येताना तिने माहेराहून काहीच आणलं नाही, कारण साळिंदरांच्या पाठीवर काही ठेवलं की त्याला भोकं पडतात. सावली तेवढी सोबत आली.

पण सावली आली तरी तिचा मुलूख आला नाही. ती डोंगराच्याच उन्हाने चाले. नदीकाठी सकाळी सगळ्यांच्या सावल्या एका बाजूला पडत, शेवरीची भलतीकडेच. नदीकाठच्या सावल्या खेळून दमून परत येत तेव्हा हिची कुठे निघायच्या बेतात असे. शेजारची मुंगसीण एक नंबरची चौकस. ती म्हणायची, "हिवरच्या बायकोची सावली बघा, अजून माहेराकडे तोंड करून उभी." शेवरी हसण्यावारी न्यायची, पण तिला ते लागायचं.

अशात डोंगराच्या मुलखाने दवंडी पिटली. जे डोंगरात राहत नाहीत त्यांच्या सावल्या येत्या पुनवेला कड्यावरून धुऊन काढण्यात येतील. ज्यांना सावली वाचवायची असेल त्यांनी तिचा मुलूख बदलून घ्यावा, आणि त्यासाठी नव्या मुलखात राहत असल्याचा पुरावा द्यावा.

"एवढंच ना," शेवरी म्हणाली. "राहतेच आहे की मी इथे."

बिचारी! तिला वाटलं, राहणं म्हणजेच पुरावा.

नदीच्या मुलखात सावल्यांची कचेरी एका वडाच्या ढोलीत होती. ढोलीच्या तोंडाशी एक पोपट बसे. आलेल्या प्रत्येकाला तो गोड आवाजात सांगे, "आपली अडचण आम्ही समजू शकतो. आपला प्रश्न आमच्यासाठी मोलाचा आहे."

"मला सावलीचा मुलूख बदलायचाय," शेवरी म्हणाली.

"आपल्याला नवी सावली हवी आहे का?"

"नवी नको. माझी आहे, तीच."

"नवी सावली फुकट मिळते. तुरे नसलेली, स्वच्छ, कोरी."

"अहो, कोरी घेऊन काय करू? माझे तुरे जातील ना सगळे!"

"आपली अडचण आम्ही समजू शकतो," पोपट म्हणाला आणि पेरू खाऊ लागला.

आत कारकुनाच्या जागेवर सरडा होता. तो भिंतीच्या रंगाचा होऊन बसत असे, त्यामुळे साहेब जागेवर आहेत की जेवायला गेलेत हे कोणालाच कळत नसे. शेवरी बराच वेळ रिकाम्या भिंतीशी बोलत होती. मग भिंतीने डोळे मिचकावले.

"बिळात पाणी कोणाच्या नावाने येतं?" भिंतीने विचारलं.

त्या मुलखात पाणमांजरं बिळाबिळाशी पाणी आणून सोडत आणि पाण्याची खूण म्हणून दाराशी ओल्या मातीचा गोळा ठेवत. त्या गोळ्याला घरधन्याचा वास चोळलेला असे. शेवरी धावत घरी गेली आणि गोळा घेऊन आली. सरड्याने तो हुंगला.

"हा वास तुमचा नाही."

"मामंजींचा आहे. बाभूळराव. हिवरचे वडील."

"मग ते राहतात तिथे. तुम्ही राहता याला पुरावा काय?"

"अहो, ते वारले! मी लग्न होऊन यायच्या आधीच."

"पाणी येतंय त्यांच्या नावाने," सरडा शांतपणे म्हणाला. "न राहणाऱ्याला पाणी कसं येईल?"

शेवरी घरी गेली आणि गळून पडलेल्या आपल्या काट्यांची जुडी बांधून घेऊन आली. सरडा म्हणाला, काटे बाहेरून आणून कोणीही टाकेल. मग तिने मुंगसिणीला साक्षीला आणलं. मुंगसीण भलतीच खुशीत होती. आजवर भिंतीला कान लावून जे ऐकलं होतं ते सरकारदरबारी सांगायची अशी संधी तिला पुन्हा कुठून मिळणार?

"ही इथे राहते याची मी खात्री देते, साहेब," ती म्हणाली. "रोज सकाळी सासूशी हिची जुंपते. परवा कंद कच्चा राहिला म्हणून, काल तोच करपला म्हणून. सासू म्हणाली, तुझ्या डोंगरात दगडं खात होते काय? ही म्हणाली, दगडं परवडली."

शेवरीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण सरडा मान हलवून म्हणाला, "भांडायला पाहुणीसुद्धा येते."

शेवटी त्याने प्रत्यक्ष पाहणीचा हुकूम काढला आणि पाहणी करायला एक गोगलगाय रवाना केली. गोगलगाय कर्तव्यदक्ष होती, तत्काळ निघाली. पुनवेपर्यंत ती ढोलीच्या उंबऱ्याबाहेर पोचेल असा अंदाज होता.

"दुसरा काही उपाय?" शेवरीने रडकुंडीला येऊन विचारलं.

"आहे की. पाणी तुमच्या नावावर करून घ्या. त्यासाठी बाभूळराव वारल्याचं त्यांच्या बायकोने इथे येऊन सांगायचं. आम्ही त्यांची सावली पुसतो, जागा मोकळी करतो, की तुमची सावली तिथे."

इतकं सोपं काम अजून का झालं नाही, हे शेवरीने घरी आल्यावर हिवरला विचारलं. हिवरने लगेच तोंडात मोठा कंद कोंबला. "ते तू आईशीच बोल," तो भरल्या तोंडाने म्हणाला आणि खोदायला निघून गेला, तेही ज्या बाजूला कंद नव्हते त्या बाजूला.

सासूचं नाव बोराटी. शेवरी तिला आत्याबाई म्हणे. बोराटी जिभेने तिखट होती, आणि काट्यांच्या बाबतीत तर विचारूच नका. पण सुनेने पाण्याचं आणि नावाचं सांगितलं तेव्हा तिने हातातला कंद बाजूला ठेवला. मग तिने सुनेला बिळाच्या तोंडाशी नेलं. ऊन कललं होतं. कड्यावर सावल्यांची धमाल चालली होती.

"खाली कोपऱ्यात बघ," बोराटी म्हणाली. "त्या चिरेच्या डाव्या अंगाला."

तिथे एक जाडजूड, पोक काढलेली सावली बसली होती. ना हलत होती, ना डुलत होती. तिच्या डोक्यावर एकही तुरा नव्हता आणि पाठीवरचा एक काटा मधोमध मोडलेला होता.

"हे मामंजी?" शेवरीने विचारलं.

"हेच. खेळता कधी आलंच नाही मेलं. गुडघे धरायचे. पहिल्याच डावात बाद व्हायचे आणि तिथे जाऊन बसायचे. मी इथून ओरडायचे, अहो, उठा, पळा जरा! पण ढिम्म." बोराटीने डोळ्यांवर पंजा धरून पुन्हा तिकडे पाहिलं. "गेल्याचं सांगितलं की पुसतात ना गं ते लोक?"

आता कळलं शेवरीला, रोज संध्याकाळी कंद चिरायला सासू आतल्या उबेत न बसता इथे दाराशी वाऱ्यात का बसते ते. आपल्या तुऱ्यांचा झुपका मोठा खरा, पण त्यासाठी म्हाताऱ्या बाईचं एवढंसं पुसायचं?

"राहू दे, आत्याबाई," ती म्हणाली. "घेईन मी कोरी सावली."

त्या दिवसापासून त्या घरात भांडण झालं नाही. मुंगसीण काळजीत पडली. कंद कच्चा असला तरी बोराटी मुकाट गिळे, आणि शेवरी दिवसभर काम करून संध्याकाळी सासूच्या शेजारी बसे. पुनव उद्यावर आली तेव्हा तिची सावली कड्यावर शेवटचं खेळायला गेली, आणि शेवरीचे पंजे काही केल्या हलेनात. बहिणींच्या सावल्या तिच्या सावलीला ओढतायत, चल म्हणतायत, आणि ही नुसती उभी. बोराटीने ते पाहिलं.

सकाळी ती काटे झटकून उठली. "चल," ती म्हणाली. "सांगून टाकते. नाहीतरी बसूनच तर असतात."

"आत्याबाई, नको."

"तू मला शिकवू नकोस. एक तर तुला कंद भाजता येत नाही."

कचेरीत पोपटाने अडचण समजू शकत असल्याचं सांगितलं. बोराटीने त्याच्याकडे नुसतं पाहिलं, तसा तो पेरू टाकून दोन फांद्या वर गेला. आत भिंतीसमोर उभी राहून ती ठसक्यात म्हणाली, "सांगायला आलेय. आमचे हे गेले."

"हे म्हणजे कोण?" भिंत म्हणाली. "नाव सांगा."

आता आली का पंचाईत! नदीकाठच्या बायका नवऱ्याचं नाव घेत नसत. घ्यायचंच झालं तर उखाण्यात. बोराटीने आयुष्यात ते नाव सरळ म्हणून कधी उच्चारलं नव्हतं.

"त्या गोळ्यावर वास आहे, तेच," ती म्हणाली.

"तोंडाने सांगावं लागतं. स्पष्ट. नाहीतर नोंद होत नाही."

बोराटीने दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा मिटलं. शेवरी हळूच म्हणाली, "मी सांगू का, आत्याबाई?" पण सरडा म्हणाला, सुनेचं चालणार नाही, बायकोनेच सांगायला हवं. मग बोराटीने मान खाली घातली, एक पंजा तोंडापुढे धरला आणि नवी नवरी होऊन सासरच्या बिळाच्या दाराशी अडवली गेली होती तेव्हा जे म्हणाली होती, तेच आत्ता तिच्या तोंडून आलं:

"नदीच्या काठी लव्हाळ्याचं बन,
बाभूळरावांच्या बिळात रमलं माझं मन."

पोपटसुद्धा फांदीवरून खाली वाकून बघू लागला. सरडा पहिल्यांदाच भिंतीपासून वेगळा दिसला. आनंदाने तो पिवळाधमक झाला होता.

"वा!" तो म्हणाला. "उखाणा! म्हणजे नवरा हयात. गेलेल्याचं नाव उखाण्यात कोण घेतं? शिवाय बीळही त्यांचंच, हे तुम्ही तुमच्या तोंडाने सांगितलंत. पाणी त्यांचं, वास त्यांचा, आणि आता बायकोची साक्ष. इतकं पक्कं राहणं या कचेरीने आजवर पाहिलं नाही!"

"अहो, पण मी सांगायला आले होते की..."

"काम झालंय तुमचं," सरडा म्हणाला. हातावेगळं होणारं काम त्याला क्वचितच मिळे, आणि मिळालं की तो ते सोडत नसे. "सावली डोंगरातून नदीत आणायची, तीही राहत्या बिळात. बीळ सिद्ध झालं, राहणारा सिद्ध झाला, सावली त्याच्याच जागी. मंजूर!"

त्याने शेपटी चिखलात बुडवली आणि जमिनीवर फटकन शिक्का उठवला. पोपट वरून म्हणाला, "आपलं काम करताना आम्हाला आनंद झाला."

मंजूर नक्की काय झालं, हे दोघींनाही परतीच्या वाटेवर कळेना. मंजूर झालं एवढं खरं म्हणून शेवरी खूश होती. म्हाताऱ्यांना पुसलं नाही एवढं खरं म्हणून बोराटीही खूश होती. तिने तर घरी पोचेपर्यंत सुनेला चालण्यावरून दोनदा टोकलं. मुंगसीण भिंतीमागे सुखाने झोपली.

संध्याकाळी दोघी बिळाच्या तोंडाशी बसल्या. ऊन कललं. नदीकाठच्या साऱ्या सावल्या सुटल्या, आणि पहिल्यांदाच त्यांच्याबरोबर, त्याच वेळेला, शेवरीच्या पायांनाही झिणझिण्या आल्या. तिने अधीरपणे कड्याकडे पाहिलं. तिची चपळ, सडपातळ सावली कुठेच नव्हती.

चिरेच्या डाव्या अंगाला मात्र काहीतरी हललं. जाडजूड, पोक काढलेली ती सावली गुडघ्यांवर हात ठेवून उठत होती, आणि तिच्या डोक्यावर तुऱ्यांचं अख्खं झुडूप डुलत होतं.

शेवरीने घाबरून उजवा पंजा वर केला. सावलीनेही केला. तिने पंजा पुढे टाकला, तशी सावली धावत सुटली. एकीला चकवलं, दुसरीवरून उडी मारली, तिसरीला बाद केलं. कड्यावर एकच गलका झाला. शेवरीच्या डोळ्यांत पाणी होतं, पण पंजे थांबत नव्हते. लहानपणापासून शिकलेली एकेक हुलकावणी तो मोडक्या काट्याचा म्हातारा देत होता.

बोराटीच्या पुढ्यातला कंद तसाच राहिला. ती आधी तोंडाला पंजा लावून बघत राहिली, मग हसली, आणि मग एकदम सुनेच्या पंज्यावर आपला पंजा ठेवला.

"अगं, हळू पळव. गुडघे दुखतात त्यांचे."

दुसऱ्या दिवशी सकाळी हिवर दाराशी बसून कंद खात होता. शेवरी बाहेर आली तशी तिची सावली त्याच्यासमोर पडली आणि तो लहानपणासारखा ताडकन उठून उभा राहिला. कंद त्याने पाठीमागे लपवला. "काय झालं?" शेवरीने विचारलं आणि खाली पाहिलं. सावली आता नदीकाठच्या इतर सावल्यांसारखीच, योग्य त्या बाजूला पडली होती. पोट सुटलेली, पाठ वाकलेली. शेवरी डावीकडे झाली, उजवीकडे झाली, ताठ उभी राहिली. सावली वाकलेलीच राहिली.

"ही मी आहे?" तिने विचारलं.

कंद खोदायला जायची वेळ झाली होती. एरवी बोराटी सुनेच्या चार पावलं पुढे, तिला टोकत चाले. आज ती मागे थांबली. शेवरी निघाल्यावर तिच्या डाव्या अंगाला आली, जिकडे सावली पडत होती तिकडे, आणि सुनेकडे न बघता, तिच्यापासून थोडं अंतर राखून, सावलीवर आपला पाय पडणार नाही अशा बेताने तिच्या शेजारून चालू लागली.