सागवानी पिस्तूल

"...पण महाराज, बावीसचं घ्यावं, पंचवीसचं, की बत्तीसचं?"

महाराज जैन मंदिराच्या ओसरीवर पाटावर बसले होते. दिगंबर मुनी. अंगावर सुताचा धागा नाही. शेजारी मोरपिसांची पिंछी आणि पाण्याचा कमंडलू. एवढाच संसार.

समोर भूपाल नांद्रे बसला होता. वारणेकाठच्या त्या गावातला सराफ. वाचलेला माणूस, आणि आपण वाचलेलं आहे हे कधी न विसरणारा.

"कसलं बावीसचं?" महाराजांनी विचारलं.

"पिस्तूल, महाराज. लहानसं. अंगावर राहील, पण कुणाला दिसणार नाही असं. परवाना आलाय. आपण दीक्षेआधी फौजेत होता, म्हणून आपल्यालाच विचारतोय."

"तुझं काय म्हणणं?"

"बावीसचं हलकं. झटका नाही. पण गोळी अगदी बारीक. ती लागली हे समोरच्याच्या ध्यानात येईपर्यंत तो आपल्या मानगुटीवर बसायचा. बत्तीसचं दमदार. पण जाड, सदऱ्याखालून उठून दिसतं. पंचवीसचं तळहातात मावतं. पण दुकानदार म्हणतो, गोळ्या मिळायची मारामार."

"बराच अभ्यास केलास."

"केला. पण मन ठरत नाही. आणि ठेवायचं कुठं, हा दुसरा प्रश्न. खिशात, की कमरेला?"

महाराजांनी एकदा आपल्या अंगाकडे पाहिलं.

"खिशाचं... मला विचारतोस?"

भूपाल ओशाळला. मग त्याला हसू आलं. महाराज तर आधीच हसत होते.

हसणं ओसरल्यावर भूपाल सावरून बसला.

"शास्त्र बघून आलोय, महाराज. गृहस्थानं संकल्प करून हिंसा करू नये. पण स्वतःच्या रक्षणासाठी जी घडते ती विरोधी हिंसा. तिचा त्याग गृहस्थाला सांगितलेला नाही. बरोबर?"

"बरोबर."

"म्हणजे पिस्तूल घेतलं तर आपली ना नाही?"

"मी कुठं ना म्हटलं?"

वादाची सगळी तयारी करून यावं आणि समोरच्यानं वादच घालू नये, तसं भूपालचं झालं. तो उगाच ओसरीच्या खांबाकडे बघत राहिला. त्याचा डावा हात कमरेवर गेला, तिथं थोडा थांबला, आणि खाली आला.

"भीती कुणाची वाटते?" महाराजांनी विचारलं.

"भीती नाही, महाराज..."

भूपालनं खांबावरची नजर खाली आणली.

"श्रावणात बाजार करून येत होतो. ओढ्याच्या वळणावर दोघांनी गाडी अडवली. दागिन्यांची पिशवी मागितली. दिली."

"बरं."

"पिशवीचं काही नाही. विमा होता, भरपाई मिळाली."

"मग?"

भूपालचा आवाज खाली आला. "मी हात जोडले, महाराज. पोरगेलीशी पोरं होती. माझ्या दुकानात आली असती तर मी त्यांना बसासुद्धा म्हटलं नसतं. आणि त्यांच्यापुढं मी हे असे दोन्ही हात जोडून... सोडा म्हणालो."

जोडून दाखवायला त्यानं हात उचलले. पण ते जुळले नाहीत. मध्येच थांबले.

महाराजांच्या तेवढ्यात लक्षात आलं असावं. भूपाल आला तेव्हा त्यानं नमोस्तु म्हणताना एकच हात कपाळाला लावला होता.

आतून कुणीतरी पोथी वाचत होतं, त्याचा सूर येत होता.

मग भूपाल एकदम खुलला. "पण एक युक्ती केलीय, महाराज. माझ्या कारागिराकडून तिन्ही पिस्तुलांचे नमुने करून घेतलेत. सागवानी. पोटात शिसं भरून वजनसुद्धा तंतोतंत. रोज एक अंगावर ठेवतो, झोपतानासुद्धा, आणि गावभर फिरतो. बायकोला पत्ता नाही, दुकानातल्या माणसांना पत्ता नाही. आत्तासुद्धा एक आहे माझ्याजवळ. ओळखा बघू, कुठलं, आणि कुठं?"

त्याचा हात पुन्हा कमरेवर गेला.

महाराजांनी डोळे मिटले. बराच वेळ मिटलेलेच ठेवले.

"कळलं, महाराज?"

"भूक लागलीय, भूपाल. उद्या आहार झाला की सांगतो."

त्या दिवशी महाराजांना उपास घडला होता. मुनी दिवसातून एकदाच जेवतात. उभ्यानं, हाताच्या ओंजळीत. त्यातही सकाळी निघताना मनाशी एक खूण धरतात. अमुक दिसलं तरच त्या दारी थांबायचं. तिला विधी म्हणतात. तो कुणाला सांगायचा नसतो. कधी नारळ घेतलेली सवाष्ण, कधी दोघे भाऊ शेजारी उभे, कधी पिवळं फूल. जुळलं तर आहार. नाही जुळलं तर आल्या पावली परत, आणि दुसऱ्या दिवसापर्यंत पाण्याचा थेंबही नाही.

म्हणून सारी गल्ली रोज सकाळी सोवळ्यात दारात उभी राहायची. जो तो आपल्या अंदाजानं हातात काहीबाही धरायचा.

भूपालची बायको राजमती अख्खा चातुर्मास उभी राहिली होती. सासूबाई होत्या तेव्हा मुनी गावात आले की एकदा तरी या दारी आहार व्हायचाच. सासूबाई माघात गेल्या. त्यांचा कलश राजमती रोज चिंच लावून घासायची, त्यावर नारळ ठेवायची, आणि उन्हं वर येईपर्यंत हातात धरून उभी राहायची. महाराज समोरून निघून जायचे. ती कलश आत नेऊन ठेवायची. कुणाजवळ काही बोलायची नाही.

आता चातुर्मास संपला होता. परवा महाराज गाव सोडणार होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी राजमती नेहमीपेक्षा लवकर दारात आली. रांगोळी काढली. चूल केव्हाच पेटली होती. भाकरी, मुगाचं वरण, दूध, सगळं सोवळ्यात तयार होतं.

भूपाल धोतर-उपरणं नेसून आला. उजव्या हातात त्यानं एक डाळिंब घेतलं होतं. डावा हात मोकळा होता.

समोरच्या दारातून चंपाक्का म्हणाली, "काय गं राजमती, आज डाळिंब? काल पपई, परवा सीताफळ. महाराज आहाराला निघालेत का आठवडी बाजाराला?"

"तुमच्या हातात तर ऊस हाय, चंपाक्का."

"माझा ऊस घरचा हाय!"

गल्ली हसली. तेवढ्यात वळणावर पिंछीची मोरपिसं चमकली आणि सगळे एकदम सरळ झाले.

महाराज येत होते. आहाराला निघालेला मुनी मौनात असतो. उजव्या हाताची बोटं खांद्याला टेकलेली, नजर पुढच्या चार हात जमिनीवर, दाराशी आलं की तेवढ्यापुरती वर.

दारोदार हाका उठल्या. "हे स्वामी, नमोस्तु, नमोस्तु, नमोस्तु! अत्र अत्र, तिष्ठ तिष्ठ!" इथे थांबा, इथेच थांबा.

महाराजांनी चंपाक्काचा ऊस ओलांडला. पुढचं दार ओलांडलं. नांद्र्यांच्या दाराशी आले. त्यांची नजर कलशावर गेली, डाळिंबावर गेली. तिथून भूपालच्या डाव्या हातावर गेली. तो हात कमरेवर होता.

महाराज थांबले.

राजमतीनं कलश छातीशी धरला. मग ती आणि भूपाल महाराजांभोवती फिरले. तीन प्रदक्षिणा झाल्या. दोघे समोर येऊन उभे राहिले.

आता मुनीला घरात न्यायचं. पण त्याआधी यजमानानं मोठ्यानं सांगायचं असतं, की माझं मन शुद्ध आहे, वाणी शुद्ध आहे, काया शुद्ध आहे, अन्नपाणी शुद्ध आहे. त्याशिवाय मुनी उंबरा ओलांडत नाही.

"मनशुद्धी," भूपाल म्हणाला. आवाज खणखणीत होता.

"वचनशुद्धी..."

पुढचा शब्द येईना.

धोतराच्या घडीत, डाव्या बाजूला, पंचवीसचं होतं. सागवानी. त्यातून गोळी सुटणार नव्हती. ते कुणालाही दिसत नव्हतं. पुढचा शब्द म्हणून टाकला असता तर गल्लीतल्या एकालाही शंका आली नसती.

महाराज उभे होते. बोटं खांद्यावर. चेहऱ्यावर काही नाही.

राजमतीनं नवऱ्याकडे पाहिलं. मग कलशाकडे पाहिलं. आणखी थोडा वेळ गेला असता तर महाराज पुढे गेले असते, आणि उद्या तर गावातूनच...

भूपालनं डाळिंब चौकटीपाशी ठेवलं. धोतराच्या घडीत हात घातला आणि पिस्तूल बाहेर काढलं.

"अगं बाई! बंदूक!" चंपाक्काच्या हातून ऊस पडला.

"लाकडाची हाय," राजमती म्हणाली. तिनं मान वळवली नव्हती. "तुम्ही पुढं म्हणा."

भूपाल तिच्याकडे बघतच राहिला. मग त्यानं पिस्तूल रांगोळीच्या कडेला, सगळ्यांना दिसेल असं, ठेवून दिलं. राजमतीनं तांब्यातलं पाणी त्याच्या हातांवर ओतलं. त्यानं हात धुतले. ते कुठं ठेवावेत हे क्षणभर त्याला कळेना.

मग ते जुळले. दोन्ही.

"कायशुद्धी," तो म्हणाला. आवाज खणखणीत नव्हता.

"आहार-जल शुद्ध आहे, महाराज. आत यावं," राजमती म्हणाली. तिला बोलताना रडू येत होतं आणि हसूही येत होतं, आणि त्यातलं कुठलं आवरावं हे तिला ठरवता येत नव्हतं.

महाराजांनी उंबरा ओलांडला.

स्वयंपाकघरात ते ओंजळ करून उभे राहिले. राजमतीनं पहिलं पाणी घातलं. भूपालनं भाकरीचा घास कुस्करून ओंजळीत ठेवला. एकामागून एक घास जात होते. चुलीवरचं दूध कोमट होतं. खिडकीत गल्लीतल्या बायका दाटीनं उभ्या होत्या, आणि सगळ्यांत पुढे चंपाक्का. ऊस पुन्हा हातात.

"डाळिंबाचे दाणे द्या की," ती कुजबुजली. "त्या डाळिंबानंच काम केलंय."

आहार झाला. महाराजांनी हात धुतले. मौन सुटलं. ते घराच्या ओसरीवर येऊन पाटावर बसले, आणि घर, गल्ली, सगळे समोर बसले. राजमती कलश मांडीवर घेऊन बसली होती.

भूपालनं आधी तिला विचारलं. "तुला कसं कळलं?"

"न कळायला काय झालं? लग्न झाल्यापासनं डाव्या कुशीवर झोपत होता. आठ दिवस झाले, कूस बदललीय." ती पदरात हसली. "आणि धोतराला रंधलेल्या लाकडाचा वास येतोय. सुताराच्या घरात दिलीय म्हणा मला!"

गल्ली खो खो हसली. महाराजही हसले.

हसू थांबल्यावर भूपालनं हात जोडले. या वेळी त्याचं त्यालाही लक्षात आलं नाही.

"महाराज, आहार झाला की सांगतो, असं आपण म्हणाला होता."

"हं."

"माझ्याजवळ होतं ते काल कळलं होतं?"

महाराज उन्हात पडलेल्या रांगोळीकडे बघत होते. कडेला सागवानी पिस्तूल होतं. त्याच्या नळीवर हळदीकुंकवाचा हात लागला होता. कुणी लावला, देव जाणे.

"बरं, ते राहू दे. पिस्तुलाचं काय करू? घेऊ?"

"घ्यायचं असेल तर घे."

"कुठलं?"

"कायशुद्धी म्हणताना जे आठवणार नाही, ते."

भूपाल विचारात पडला. चंपाक्काला मात्र दम नव्हता.

"महाराज, ते पिस्तूल-बिस्तूल जाऊ दे. आजचा विधी सांगा की. डाळिंबच होतं ना?"

"नाही."

"मग कलश? सासूबाईंचा?"

महाराजांनी राजमतीच्या मांडीवरच्या कलशाकडे पाहिलं. क्षणभर त्यांची नजर तिथं मऊ झाली. "नाही."

"मग काय?"

"नमोस्तु म्हणतानाही ज्याचा एक हात कमरेवर असेल, असा गृहस्थ."

गल्लीत सगळे एकमेकांकडे बघू लागले. आज भूपाल सोडून प्रत्येकाच्या दोन्ही हातांत काही ना काही होतं.

भूपालचं तोंड उघडंच राहिलं. "पण महाराज... तसा तर मी एकटाच होतो. आणि नेमका आजच मी हात खाली ठेवला असता तर? आपल्याला दुसरा उपास पडला असता!"

महाराजांनी पिंछी उचलली, कमंडलू उचलला. उठता उठता ते हसले.

"काल उपाशी होतो, भूपाल. आज खात्रीचा विधी घेतला."