चिंचेखालची शिल्लक

फार पूर्वी एका वर्षी भुईमुगाला निम्म्याच शेंगा लागल्या. खारोबाने शेपटी फुगवून घरात फर्मान काढलं, "आजपासून एकच वेळ जेवायचं." बायको खारूताई "बरं" म्हणाली. पोरं चिंचेवर खेळायला पळाली.

खारोबाने मात्र बायकोच्या नकळत मूठभर शेंगा चिंचेखाली पुरल्या होत्या, अडीनडीला म्हणून. एका दुपारी भूक आवरेना, तेव्हा तो हळूच तिकडे गेला, तर खारूताई तिथेच माती उकरत होती.

"तू इथे काय करतेस?"

"तुम्ही करायला आलात तेच. माझ्याही अडीनडीच्या शेंगा इथेच आहेत."

दोघांनी मिळून उकरलं. आत नुसती टरफलं निघाली.

वरच्या फांदीवर पोरं भरल्या पोटावरून हात फिरवत बसली होती. धाकटी म्हणाली, "बाबा, आमची अडीनडी आधी आली."