पेवातला ठेका

कृष्णाकाठच्या वाळेगावात बिल्वनाथ महाराजांचे वास्तव्य होते, तेव्हाची ही हकिकत. गावाबाहेरच्या माळावर हळद साठवायची पेवे होती. पेव म्हणजे जमिनीत खोल खणलेली, अरुंद तोंडाची कोठी. तिथे बाळाप्पा हमाल दिवसभर हळदीची पोती वाहत असे आणि दिवस मावळला की अंग धुऊन मठात भजनाला येत असे. येताना लेकीला, सगुणेला, बरोबर आणी. सगुणा जन्मापासून बहिरी होती.

लेकीपर्यंत देवाचे नाव कसे पोचवावे, हे बाळाप्पाला उमगत नव्हते. त्याच्या बापाने त्याला मांडीवर घेऊन अभंग शिकवले होते. सगुणेला मांडीवर घेतले तरी ती नुसती त्याच्या ओठांकडे पाहत राही. अखेर त्याने महाराजांनाच विचारले, "म्हाराज, हिला सांगू तरी कसं?"

महाराज म्हणाले, "तू जिथे बसतोस तिथे तिला बसव. पुढचे त्याच्यावर सोड."

बाळाप्पाने तिला मृदंगाशेजारी बसवले आणि तिचा तळहात मृदंगावर टेकवला. पहिल्याच थापेला पोर दचकली, मग हसली. हळूहळू भजनाचा ठेका ती जमिनीवर हाताने धरू लागली.

पेवांचे मालक अण्णासाहेब मगदूम हेच मठाचे कारभारी. मठाची ओवरी त्यांनी बांधून दिली होती, पण त्यांचा मुलगा विश्वास मठाची पायरी कधी चढला नव्हता. पोराने आधी शिकावे, देवधर्म म्हातारपणी आहेच, असे ते म्हणत. उत्सवाच्या दिवशी सगुणेला पुढे बसलेली पाहून ते चारचौघांत म्हणाले, "बाळाप्पा, या बहिरीला भजनाचं काय कळणार? उगीच पुढची जागा अडवतोस. उद्यापासून हिला घरी ठेव."

लोक हसले. सगुणाही हसली. काहीतरी आनंदाचे चालले आहे, असे तिला वाटले. मालकापुढे बोलायची बाळाप्पाला सोय नव्हती. दुसऱ्या दिवशी लेकीला घेऊन तो बाहेर पायरीवर बसला. महाराजांनी ते आतून पाहिले.  आपले आसन उचलून ते बाहेर आले आणि बाळाप्पाशेजारी पायरीवर बसले.

पुढे एका दुपारी विश्वास खेळता खेळता नाहीसा झाला. लोकांनी नदीचा डोह धुंडाळला, मळे पालथे घातले, माळावर हाका मारमारून घसे बसले. अण्णासाहेबांच्या वाड्यात रडारड सुरू झाली. ऊन उतरू लागले तसा बाळाप्पा मठाकडे धावला. महाराज दुपारपासून डोळे मिटून बसले होते आणि त्यांचा उजवा हात सावकाश जमिनीवर थाप देत होता.

"सगुणेला माळावर ने," एवढेच ते म्हणाले.

तिला येताना पाहून अण्णासाहेब खचल्या आवाजात म्हणाले, "अरे, आम्हाला काही ऐकू येईना, ही काय ऐकणार?"

सगुणा अनवाणी माळावरून चालत राहिली. एका जागी थबकली, खाली बसली, मातीवर तळहात टेकला. मग बापाचा हात ओढून घेऊन त्यावर ती भजनाचा ठेका देऊ लागली.

"मालक, हितं खणा," बाळाप्पा म्हणाला.

माती उपसली तसे एका जुन्या, विसरलेल्या पेवाचे तोंड उघडले. वरची कुजलेली फळी मोडून पोर आत गेले होते आणि मागून माती ढासळली होती. दोराने कंदील खाली सोडला, तो विझला. जुने हमाल एकमेकांकडे पाहू लागले. जिथे दिवा जगत नाही, तिथे माणूस जगत नाही, हे त्यांना ठाऊक होते. बाळाप्पाने महाराजांचे नाव घेऊन कमरेला दोर बांधला आणि कोणी अडवायच्या आत तो उतरला. आत त्याला नदीकाठी यावी तशी गार झुळूक लागली. पोर भिंतीला टेकून बसले होते आणि हाताने भिंतीवर ठेका देत होते!

वर आल्यावर विश्वास म्हणाला, "आत एक आजोबा होते. फाटक्या कानाचे. रडू नको म्हणाले, मी वाजवतो तसं वाजव म्हणाले."

अण्णासाहेबांनी पोराला उचलले आणि तडक मठ गाठला. महाराजांच्या कानाची पाळी फाटलेली होती, हे गावात सर्वांना माहीत होते; विश्वासने मात्र त्यांना कधी पाहिलेच नव्हते. दारातूनच तो वडिलांना म्हणाला, "आबा, हेच ते आजोबा."

मठातले लोक शपथेवर सांगत होते, महाराज दुपारपासून आसनावरून हलले नाहीत. पण त्यांच्या उजव्या हाताची बोटे हळदीने पिवळी झाली होती. अण्णासाहेब पायांवर कोसळले. त्यांच्या पाठीवरून हात फिरवीत महाराज शांतपणे म्हणाले, "लेकराला आणायला फार उशीर केलात, अण्णासाहेब."

 बाळाप्पा लेकीसह अजून बाहेरच उभा होता. अण्णासाहेब उठून त्याच्याकडे गेले आणि हात जोडून वाकू लागले.

"मालक, असं नका करू," बाळाप्पा मागे सरला.

"बाळाप्पा, आजपासून माझ्या विश्वासला सगुणेशेजारी बसव," असे म्हणून अण्णासाहेबांनी त्या बापलेकींपुढे डोके टेकले.