शिंपिणीने न टांगलेली कुंची

एका गावाच्या वेशीवर एक कडुनिंब होता. गावाची रीत अशी, की ज्याला जे काम येतं त्याची खूण त्याने त्या झाडाला टांगायची. कुंभाराचं मडकं, सुताराची पटाशी. परगावचं माणूस अडून आलं की वेशीवरचा राखणदार झाडाकडे बघायचा आणि त्याला त्या घरी धाडायचा.

त्याच गावात एक शिंपीण होती. तिने दोऱ्याची गुंडी टांगलेली. पण तिला आणखी एक काम येई. लेकराच्या घशात काही अडकलं, तर त्याला पालथं धरून पाठीवर नेमक्या जागी थापट्या मारून ती ते बाहेर काढी. आईनेच शिकवलं होतं तिला.

"वहिनी, बाळाची एक कुंचीही टांगा की," राखणदार म्हणे. "लोकांना कळू दे."

"नको रे बाबा! एखादं दगावलं, तर जन्मभर माझ्या नावाने बोटं मोडतील."

एकदा त्याने खूण नसतानाच घुसमटलेलं लेकरू घेऊन आलेल्या एका बाईला तिच्याकडे पाठवलं. लेकरू वाचलं. पण शिंपीण इतकी घाबरली होती, की तरातरा वेशीवर गेली आणि चारचौघांत म्हणाली, "मी कुंची टांगलीय का? मग कुणाला विचारून पाठवलंत? पुन्हा असं केलंत तर बघा!"

राखणदाराने कानाला हात लावले.

पुढे एका दुपारी परगावची एक तरणी बाई लेकरू कडेवर घेऊन धापा टाकत आली. लेकराच्या घशात चिंचोका अडकला होता, श्वास घरघरत होता. राखणदाराने सगळं झाड बघितलं. शिंपिणीचं नाव त्याच्या ओठांवर आलं, पण तिचे बोलही आठवले.

"इथं कुणी नाही गं लेकी. नदीपलीकडच्या गावी जा. पळ!"

ती शिंपिणीच्या दारावरूनच धावत गेली. झबलं शिवता शिवता शिंपिणीने मान वर केली. असेल कुणी घाईत, म्हणून पुन्हा टाका घातला.

दिवस कलला तेव्हा ती बाई परत आली. आता ती धावत नव्हती. लेकरू पदरात गुंडाळलेलं होतं. शिंपीण उंबऱ्याशी आली.

"काय झालं गं बाई?"

"चिंचोका अडकला होता, मावशी. नदीपर्यंतसुद्धा नाही पोचले."

"अगं, दारावरून गेलीस. हाक तरी मारायचीस!"

"तुम्हाला?" बाईने वर बघितलं. "तुम्हाला येत होतं होय काढायला?"

बाई जराशी थांबली, तिने लेकराच्या तोंडावरची माशी हाकलली आणि ती वाटेला लागली.

तात्पर्य: आपल्याला जे येतं ते भीतीपोटी लपवून ठेवू नये, आधीच सांगून ठेवावं. लेकरू घेऊन धावणाऱ्या आईला दारोदार विचारत बसायला वेळ नसतो.