चाकूची विश्रांती

मेंढरांभोवती लावायची जाळी सुताची जाऊन नायलॉनची झाली, तेव्हाची ही गोष्ट. बिरू धनगराच्या खिशात एक छोटा, घडीचा, दातेरी चाकू असे. कांदा, दोरी, खुरातला काटा, सगळं निस्तरून तो पार शिणला होता.

एकदा बिरूने गुळगुळीत पात्याची नवी, घडीचीच सुरी आणली. तिने कांद्याच्या अशा चकत्या पाडल्या, की बिरू चाकूला म्हणाला, "तू नुसत्या चिंध्या करायचास!" आणि त्याने चाकू पिशवीच्या तळाशी टाकला. चाकूला वाईट वाटलं नाही. इतक्या वर्षांनी पाठ टेकायला मिळाली होती.

संध्याकाळी एका कोकराची मान जाळीत अडकली. सुरी जाळीच्या निसरड्या नायलॉन दोरीवरून नुसती घसरत राहिली. कोकराचे डोळे पांढरे झाले, तशी बिरूने पिशवी उपडी केली. चाकू कण्हतच उघडला, त्याने दात रोवले आणि दोरी तटकन तुटली.

बिरूने त्याला पुसून खिशात सुरीशेजारी ठेवलं.

"जिंकलात हो, म्हातारबा," सुरी पडल्या आवाजात म्हणाली.

"कसलं जिंकणं, पोरी! आत्ता कुठे डोळा लागत होता," चाकू मिटता मिटता पुटपुटला. "उद्यापासून कांदा तेवढा तू काप."