टेकडीवरची पांढरी जागा

उपनगर जिल्ह्याच्या लोकसंख्येचा रंगीत नकाशा कचेरीत लागला, तेव्हा तो तयार करणाऱ्या राजवाडेसाहेबांची मान ताठ झाली. त्यावर जिथे वस्ती दिसेल, तिथेच नवा दवाखाना मिळणार होता. भानटेकडी मात्र पांढरीच राहिली होती.

"आमची वस्ती कुठंय, साहेब?" टेकडीवरच्या द्रौपदाबाईंनी विचारलं.

"जनगणनेत तिथे एकही घर नाही, बाई. सरकारी आकडा चुकत नाही."

द्रौपदाबाईंनी पिशवीतून गेल्या वर्षीची नोटीस काढली. "मग हाही आकडा बरोबरच असंल. घरं पाडायची होती तेव्हा तुम्ही दोनशे बारा मोजली होती. खाली सही तुमचीच ना?"

साहेबांनी सही ओळखली. त्यांनी स्वतःच्या हाताने टेकडी रंगवली. पण बाई निघून गेल्या तरी त्यांची मान वर झाली नाही.